जातां जातां दिलेले अभिप्राय

मनमाड हें मोठें जंक्शन आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारा हमरस्ता, दौंडकडे फुटणारा फांटा आणि नांदेड-सिकंदराबादकडे जाणारी लाईन हे तीन मार्ग येथें एकत्र येतात. त्यामुळें गाडी बदलण्यासाठीं उतरलेल्या उतारूला कधीं कधीं दोन-दोन तास फलाटावर काढावे लागतात, आणि अशा वेळीं शेजारच्या अनोळखी माणसाशीं बोलावयास सिनेमासारखा दुसरा सोयीचा विषय नाहीं. राजकारण काढावें तर वाद होतो, धंद्याविषयीं विचारावें तर माणूस सावध होतो, आणि घरचें विचारणें शोभत नाहीं. 'अमुक चित्रपट पाहिलात कां?' हा प्रश्न मात्र कोणींही कोणालाही विचारावा. उत्तरही बहुधा ठरलेलें असतें. 'भारी आहे', किंवा 'बकवास आहे', किंवा फार झालें तर 'टाईमपास आहे'. दोन पावलांवर कॉलेजांतील दोन मुलें मोबाईलवर वाकून बसलेलीं असतात. त्यांचेंही तेंच चाललेलें असतें. फक्त विषय चित्रपटाऐवजीं एखाद्या व्हिडिओ गेमचा असतो.

अशा जातां जातां दिलेल्या अभिप्रायांविषयीं मी आज बोलणार आहें. वर्तमानपत्रांतील परीक्षणें आणि विद्वानांचे प्रबंध तूर्त बाजूला ठेवूं. विषय किरकोळ दिसतो खरा. परंतु आजकाल घरांतलें पुष्कळसें संभाषण, विशेषतः बाप आणि मुलगा यांच्यामधलें, ह्याच दोनचार शब्दांवर येऊन अडतें. मुलगा खेळाला 'भारी' म्हणतो, बाप त्यालाच 'वेळेचा नाश' म्हणतो, आणि दोघेही आपापल्या खोलींत निघून जातात. तेव्हां ह्या शब्दांचें मोल काय, तें एकदां तपासून पाहिलेलें बरें.

'चित्रपट भारी आहे' हें वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनें चित्रपटाविषयीं आहे. अर्थाच्या दृष्टीनें तें बोलणाराविषयीं आहे. भुकेला माणूस पहिल्या घासाला 'आमटी झकास झाली आहे' असें म्हणतो, तेव्हां तो आमटीची परीक्षा करीत नसतो. आपल्याला काय झालें हें तो सांगत असतो. म्हणजे हा निवाडा नव्हे, ही साक्ष आहे. आणि साक्षीदाराला विचारावयाचे प्रश्न न्यायाधीशाला विचारतां येत नाहींत. साक्षीदार तेथें हजर होता काय? त्यानें किती पाहिलें? त्या वेळीं तो कोणत्या स्थितींत होता? रात्रपाळी करून आलेल्या माणसाला चित्रपट लांबट वाटला, तर त्यांत दिग्दर्शकाचा दोष किती आणि जागरणाचा किती, हें आधीं वेगळें काढावें लागतें. एवढें केलें म्हणजे त्याच दोन शब्दांतून पुष्कळ कांहीं कळूं लागतें.

ह्या साक्षीचें महत्त्व आपल्याकडे फार पूर्वीं ओळखलें गेलें होतें. भरताच्या नाट्यशास्त्रांत सत्ताविसावा अध्याय सिद्धीचा आहे. प्रयोग सिद्ध झाला, आजच्या भाषेंत 'चालला', हें कसें ओळखावें असा तेथें प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर भरत रंगभूमीवर न शोधतां प्रेक्षागृहांत शोधतो. मानुषी सिद्धि आणि दैवी सिद्धि असे तो तिचे दोन प्रकार करतो. मानुषी सिद्धि वाणीनें आणि शरीरानें प्रकट होते. प्रेक्षक स्मित करतात, मोठ्यानें हंसतात, 'साधु' म्हणतात, 'अहो' म्हणतात, करुण प्रसंगीं 'कष्टम्' म्हणून हळहळतात. अंगावर रोमांच उभे राहतात, कोणी आसनावरून उठतो, कोणी अंगावरचें वस्त्र नटाकडे फेंकतो. 'साधु' आणि 'अहो' हीं आमच्या 'झकास' आणि 'भारी' यांचींच वडील भावंडें होत. दैवी सिद्धि मात्र निराळी. प्रेक्षागृह गच्च भरलेलें आहे, आणि कोठें आवाज नाहीं, गडबड नाहीं, खळबळ नाहीं, ही ती. गप्प बसलेला प्रेक्षक कांहीं बोलत नाहीं असें नव्हे, हें शेंकडों वर्षांपूर्वीं ज्यानें लिहून ठेविलें त्यानें प्रेक्षकांकडे तोंड करून बरींच नाटकें पाहिलीं असलीं पाहिजेत.

ही दुसरी सिद्धि ओळखूं न आल्यामुळें केवढा घोटाळा होतो, याचें अलीकडचें उदाहरण 'शोले'चें आहे. रमेश सिप्पी यांचा हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजीं प्रदर्शित झाला. पहिल्या आठवड्यांत प्रेक्षक गप्प. टाळ्या नाहींत, शिट्या नाहींत. धंद्यांतल्या जाणत्यांनीं निकाल देऊन टाकला कीं, चित्रपट पडला. निर्मात्यांच्या गोटांत इतकी घबराट उडाली कीं, शेवट बदलून जयला जिवंत ठेवावें काय, याचा खल झाला. सुदैवानें कांहीं दिवस वाट पाहावी असें ठरलें. त्या सुमारास वरळीच्या एका चित्रपटगृहाच्या मालकानें सिप्पींना निराळीच हकीकत सांगितली, असें म्हणतात. त्याच्याकडील थंड पेयांचा आणि आइसक्रीमचा खप एकाएकीं उतरला होता, कारण मध्यंतर झालें तरी प्रेक्षक सुन्न होऊन जागेवरच बसून राहत. जाणत्यांना जी शांतता अपयशाची वाटली, ती ह्या माणसाला आपल्या जमाखर्चाच्या वहींत बरोबर वाचतां आली. पुढें 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहांत पांच वर्षांच्या वर चालला. पाहून आलेल्या प्रत्येकानें चौघांना सांगितलें, आणि त्या चौघांनीं आणखी सोळांना.

साक्षी पुष्कळ जमल्या कीं त्या मोजण्याचा मोह होतो. पांचपैकीं किती तारे, दहापैकीं किती गुण, आणि मग सर्वांची सरासरी. समजा, दहा जणांनीं एक चित्रपट पाहिला; पांच जणांनीं त्याला दहापैकीं दहा गुण दिले आणि पांच जणांनीं शून्य. दुसरा चित्रपट दहाही जणांना ठीक वाटला. प्रत्येकानें पांच दिले. सरासरी दोन्हींची पांचच. परंतु पहिल्यानें पांच माणसांचा जीव वेधून घेतला आणि पांच माणसांना संतापविलें. दुसऱ्यानें कोणाचेंच कांहीं केलें नाहीं. आंकड्यांत हा भेद पार पुसला जातो. माझ्यापुरतें सांगावयाचें तर मी पहिल्याचें तिकीट काढीन.

ही आंकडेमोड करमणुकीपुरती राहती तर बोलण्याचें कारण नव्हतें. पण तिच्यावर माणसांची मिळकत अवलंबून राहूं लागली आहे. ऑब्सिडियन नांवाच्या अमेरिकन कंपनीनें २०१० सालीं 'फॉलआउट: न्यू वेगास' हा व्हिडिओ गेम तयार केला. परीक्षकांनीं दिलेल्या गुणांची सरासरी काढणारें मेटाक्रिटिक नांवाचें एक संकेतस्थळ आहे. तेथें ह्या खेळाला १०० पैकीं ८५ गुण पडले, तर तो रचणारांना जादा मोबदला मिळावयाचा होता. गुण पडले ८४, आणि मोबदला हुकला. कंपनीच्या संस्थापकांपैकीं एकानेंच ही हकीकत २०१२ सालीं जाहीर केली. चौऱ्यांशी आणि पंचाऐशी यांत फरक काय, तो मला विचाराल तर सांगतां यावयाचा नाहीं. ज्यांचा मोबदला गेला त्यांना मात्र तो नेमका ठाऊक होता.

येथवर चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांना मीं एकाच दावणीला बांधलें. आतां त्यांना सोडलें पाहिजे. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो आणि सर्वांना तोच दिसतो. प्रेक्षकाचें लक्ष चुकलें म्हणून पडद्यावरचा नायक दरींत पडत नाहीं. व्हिडिओ गेममध्यें नेमकें तसेंच होतें. खेळणाराच्या बोटांनीं नायक चालतो; बोट चुकलें कीं तो पडतो, आणि तोच चढ पुन्हां पहिल्यापासून चढावा लागतो. जो दहाव्या खेपेला वर पोंचला आणि जो तिसऱ्या खेपेला चिडून उठला, त्या दोघांनीं एकच खेळ खेळला असें म्हणतां येत नाहीं. म्हणून 'हा खेळ बकवास आहे' ह्या वाक्यांत खेळाचा भाग किती आणि स्वतःच्या पराभवाचा किती, हें बोलणारालाही पुष्कळदां सांगतां येत नाहीं. शून्यावर बाद झालेला फलंदाज खेळपट्टीविषयीं जें बोलतो, त्याचीच ही जात. सायकल शिकतांना पहिल्या दिवशीं गुडघे फोडून घेतलेल्या मुलाला सायकलीविषयीं मत विचारूं नये. आठ दिवसांनीं विचारावें.

बाहेरच्या माणसाला तर ह्या खेळांतलें कांहींच दिसत नाहीं. पबजी मोबाईल हा खेळ आपल्या लहानसहान गांवांतूनही पोंचला होता. केंद्र सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं त्यावर बंदी घातली. त्या दिवसांत बंद दाराआडून 'चिकन डिनर!' अशी आरोळी ऐकून शाकाहारी घरांतल्या किती आया दचकल्या असतील! शंभर खेळाडूंमधून शेवटपर्यंत टिकणाराला तो खेळ ज्या शब्दांनीं शाबासकी देतो, ते हे शब्द. दाराबाहेर जेवणाचा बेत ऐकूं येतो. आंत मुलानें अर्धा तास श्वास रोखून धरलेला असतो. अशा वेळीं बाहेरून दिलेलें मत साक्षीच्याही योग्यतेचें राहत नाहीं, कारण साक्षीदार हजरच नव्हता.

ह्या बाबतींत मोठमोठ्यांची गत काय झाली पाहा. शिकागोचे रॉजर ईबर्ट हे चित्रपट-समीक्षेबद्दल पुलित्झर पारितोषिक मिळविणारे पहिले समीक्षक. त्यांचा शब्द अमेरिकेंत प्रमाण मानला जाई. एप्रिल २०१० मध्यें त्यांनीं लिहिलें कीं, व्हिडिओ गेम ही कला होणें शक्य नाहीं. त्यावर खेळणारांचीं हजारों उत्तरें आलीं. कांहीं समंजस, कांहीं शिवराळ. जुलैमध्यें त्यांनीं पुन्हां लेख लिहिला. मूळ मत त्यांनीं सोडलें नाहीं. परंतु जो खेळ आपण हातीं घेतला नाहीं त्याविषयीं बोलावयास नको होतें, एवढें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें. जन्मभर चित्रपट पाहून ज्यानें मतें दिलीं, त्यालाच पाहिल्याशिवाय मत देण्यांतला अनुचितपणा लवकर उमगला, यांत मला नवल वाटत नाहीं.

पण हा दोष वडिलधाऱ्यांचाच आहे असें समजून तरुण शौकिनांनीं खूष होऊं नये. स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' हा चित्रपट १९८२ सालीं गाजला, तेव्हां नाताळचा बाजार साधण्यासाठीं अटारी कंपनीनें त्यावर एक व्हिडिओ गेम काढला. तो रचण्यास हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना जेमतेम पांच आठवडे मिळाले. खेळ पडला. कंपनीनें न विकलेला माल १९८३ सालीं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांतील उकिरड्यांत पुरला, आणि 'जगांतला सर्वांत वाईट खेळ' अशी त्याची ख्याति झाली. २०१४ सालीं तो उकिरडा उकरण्यांत आला, तेव्हां त्यांतून 'ई. टी.'बरोबर अटारीचे दुसरेही खेळ निघाले, आणि त्यांत चांगले गाजलेलेही होते. म्हणजे त्या मातींत एक वाईट खेळ नव्हे, एका कंपनीचा बुडालेला धंदा पुरलेला होता. परंतु आजही ज्याला विचारावें तो शौकीन बेधडक सांगतो कीं, 'ई. टी.' सर्वांत वाईट. आणि त्यांतील बहुतेकांच्या जन्माच्या आधींच तो खेळ मातींत गेलेला असतो! ही साक्ष नव्हे, ऐकीव वार्ता आहे. न्यायालयांत ती सहसा ग्राह्य धरीत नाहींत.

मग सहज दिलेला चांगला अभिप्राय कसा असतो? त्याचा नमुना पुण्याच्या एका खेळाविषयीं पाहावयास मिळतो. नॉडिंग हेड्स गेम्स ह्या लहानशा पुणेरी कंपनीनें २०२० सालीं 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ काढला. दैत्यांनीं पळवून नेलेल्या गोलू नांवाच्या धाकट्या भावाला शोधावयास निघालेली राजी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णु तिचे पाठिराखे. तो खेळलेल्यांचीं मतें पाहिलीं तर बहुतेकांनीं केवळ 'भारी' किंवा 'बकवास' म्हणून सोडून दिलेलें नाहीं, असें दिसतें. देवळें, महाल, त्यांवरची कलाकुसर आणि कथेसाठीं योजलेल्या छायाबाहुल्या त्यांना आवडल्या; झुंजीच्या हालचालींत मात्र सफाई कमी वाटली, आणि पांचसहा तासांत गोष्ट एकदम आटोपती घेतल्यासारखी वाटली. हीं कांहीं पंडितांचीं मतें नव्हेत. पण त्यांत 'कोठें' ह्या प्रश्नाचें उत्तर आहे. कोठें आवडलें, कोठें कंटाळा आला, कोठें अडलों. एवढें सांगितलें कीं ऐकणाराला आपला निर्णय आपण करतां येतो, आणि खेळ रचणाराला पुढच्या वेळीं काय करावें तेंही कळतें.

घरांतही हाच एक शब्द उपयोगी पडतो, असा माझा समज आहे. मुलगा 'भारी' म्हणाला कीं 'त्यांत काय भारी आहे?' असें विचारूं नये. त्या प्रश्नाला आरोपीच्या पिंजऱ्याचा वास येतो. 'तुला कोठें भारी वाटलें?' असें विचारून पाहावें. तो पहिल्यांदा चकित होईल, मग मोबाईल पुढें करील, आणि मग अर्धा तास थांबणार नाहीं, हा त्यांतला धोका पत्करावा लागतो.

अभिप्रायाची आणखी एक जात आहे, आणि ती आमच्या नाशिक जिल्ह्याला विशेष मानवते असें दिसतें. 'हें आपण केलें तर कसें?' ही ती जात. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१० च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. एकदां पाहून त्यांचें समाधान झालें नाहीं. पत्नीला घेऊन ते पुन्हां गेले. पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां आपल्या डोळ्यांपुढें राम आणि कृष्ण उभे राहत होते, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. ३ मे १९१३ रोजीं त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमाघरांत लागला. हा इतिहास आपणांस पाठ आहे. तो एका प्रेक्षकाच्या शेऱ्यापासून सुरू झाला, एवढेंच येथें लक्षांत घ्यावयाचें.

दुसरें उदाहरण मनमाडपासून चाळीसएक किलोमीटरांवरच्या मालेगावचें. यंत्रमागांचें हें गांव शुक्रवारीं सुट्टी घेतें, आणि सुट्टीचा दिवस सिनेमाला वाहतें. येथें व्हिडिओगृह चालविणारे नासिर शेख हे रोज चित्रपट दाखवीत आणि रोज प्रेक्षकांचे शेरे ऐकत. २००० सालच्या सुमारास त्यांनीं आणि त्यांच्या मित्रांनीं 'मालेगाव के शोले' नांवाचा चित्रपट स्वतःच काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. कॅमेरा सरकविण्यासाठीं सायकल आणि उंच नेण्यासाठीं बैलगाडी, अशी यांची यंत्रसामग्री. मूळ चित्रपटांत दरोडेखोर घोड्यांवरून येतात. मालेगावांत ते सायकलींवरून आले. मूळ चित्रपटांत आगगाडीवर हल्ला होतो. मालेगावाला आगगाडीच नाहीं, म्हणून तेथें एस्. टी.सारखी बस धरावी लागली. हें विडंबन पाहावयास गांव लोटलें. पुढें त्यांनीं 'सुपरमॅन'ही मालेगावांत आणला. तंबाखूच्या व्यसनाशीं झुंजणारा हा किडकिडीत सुपरमॅन म्हणजे शफीक शेख नांवाचा यंत्रमाग कामगार. हिरव्या कापडापुढें त्याला आडवा धरून आकाशांत उडविण्यांत आलें. ह्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनीं २००८ सालीं माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथाचित्रपट २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं चित्रपटगृहांत लागला. शफीकला हा दुसरा चित्रपट पाहावयास मिळाला नाहीं. तो त्याच्या आधींच, ऐन तारुण्यांत, कर्करोगानें गेला होता.

त्याच मालेगावांत नोव्हेंबर २०२३ मध्यें सलमान खान यांचा 'टायगर ३' लागला असतां कांहीं शौकिनांनीं भर चित्रपटगृहांत फटाके आणि बाण उडविले. खुर्च्यांमधून बायकापोरें जीव घेऊन पळालीं. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, आणि असें करूं नका असें खुद्द नटाला सांगावें लागलें. भरतानें शारीरी सिद्धींत वस्त्र फेंकण्यापर्यंत मुभा दिली आहे. अग्निबाणाचा उल्लेख त्याच्या यादींत नाहीं. ज्या आनंदानें शेजारच्या खुर्चींतला माणूस भाजतो, त्याला अभिप्राय म्हणण्यास मी तयार नाहीं. एकाच गांवांत, त्याच पडद्यावरच्या प्रेमापायीं, एकानें हातीं कॅमेरा घेतला आणि दुसऱ्यानें काडेपेटी.

मनमाड-इंदूर लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानें सप्टेंबर २०२४ मध्यें मंजुरी दिली आहे, आणि तो मालेगावावरून जावयाचा आहे. तो पुरा झाला म्हणजे मालेगावच्या पुढच्या 'शोले'ला खरीखुरी आगगाडी मिळेल. त्या वेळींही दरोडेखोर मात्र सायकलींवरूनच यावेत, असा माझा जातां जातां दिलेला अभिप्राय आहे. कोठें, असें कोणीं विचारलें तर सांगतों: घंटी वाजवीत ते टेकडी उतरतात, तेथें.